वाचक विचारतात : ‘ते नऊ दिवस खंय गेले?’

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या सरकारी धोरणांसाठी ज्या प्रचारमोहिमा चालवतात, त्यांच्यावर मागच्या अंकात मी लिहिलं होतं. ते काम मी स्वतः साडेसहा वर्षं केलं, गुरुग्रामला. त्याआधी मुंबईत एका जाहिरात संस्थेत साबण आणि बिस्किटांसाठी लिहायचे. लेखावर बरीच पत्रं आली, त्यांतली पाच इथे घेतली आहेत. तीन-चार वाचकांनी माझ्या कंपनीचं नाव विचारलं आहे. ते मी घेणार नाही. जे सांगायचं आहे ते नावावाचून सांगता येतं.

ताई, मी मूळची नाशिकची. पुण्यात एका जाहिरात संस्थेत चार वर्षं काम करते. आता एका मोठ्या अमेरिकी तंत्रज्ञान कंपनीकडून बोलावणं आलं आहे. पद ‘पॉलिसी कॅम्पेन्स मार्केटिंग मॅनेजर’. पगार आत्ताच्या दुपटीहून जास्त. बाबांनी विचारलं, ‘विम्याच्या पॉलिसी विकायच्या का?’ मला त्यांना धड सांगता आलं नाही. हे लॉबिंग असतं का? काम स्वच्छ आहे का? मी जावं का? (नाशिक)

बाबांचा प्रश्न रास्त आहे. इथे ‘पॉलिसी’ म्हणजे सरकारी धोरण. त्यांना असं सांग : साबणाची जाहिरात साबण घेणाऱ्यासाठी असते, ही जाहिरात कायदा लिहिणाऱ्यासाठी असते, आणि तो ज्यांचं ऐकतो त्या माणसांसाठी. मुंबईत असताना बिस्किटाची फिल्म कोट्यवधी लोकांनी बघावी म्हणून आमची धडपड चालायची. गुरुग्रामला पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात एक यादी आली, जेमतेम चारशे नावांची. मंत्रालयांतले सहसचिव, संसदीय समितीवरचे खासदार, त्यांचे सहायक, धोरणांवर लिहिणारे पत्रकार, अभ्यासगटांतली माणसं, उद्योगसंघटनांचे पदाधिकारी. ‘हे आपले प्रेक्षक,’ असं मला सांगण्यात आलं.

कंपनीत या कामाची तीन खाती असतात. पब्लिक पॉलिसीवाले अधिकाऱ्यांना भेटतात, मसुद्यावर कलमवार टिपण देतात. कम्युनिकेशन्सवाले पत्रकारांशी बोलतात. आणि पैसे मोजून जे जे करता येतं, ते सगळं आपल्याकडे, म्हणजे मार्केटिंगकडे, येतं. वृत्तपत्रातली पानभर जाहिरात, परिषदेचं प्रायोजकत्व, छोट्या उद्योजकांच्या फिल्म, एखाद्या अहवालाची देखणी छपाई, कंपनीची बाजू मांडणारं संकेतस्थळ. कधी कधी ‘तुम्हीही सरकारला लिहा’ असं सांगणारं बटणसुद्धा. ते बाहेर पडण्याआधी संदेशाची तपासणी होते. एकच गोष्ट चार तऱ्हांनी लिहायची, लोकांच्या गटांपुढे ठेवायची, कोणती पटते ते बघायचं. ‘नियम नकोत’ हे वाक्य पटलेलं मी एकदाही पाहिलं नाही. ‘नियम हवेत, पण योग्य हवेत’ हे दर वेळी पटतं. इंटरनेटचे सर्वसमावेशक नियम १९९६ नंतर झालेलेच नाहीत, आता नवे करा, अशा जाहिराती फेसबुकने २०२१च्या सुमारास अमेरिकेत चालवल्या. माझ्या अंदाजाने त्यांच्यामागे अशीच तपासणी असणार.

मसुदा जाहीर झाला की घड्याळ सुरू होतं. केंद्र सरकारच्या २०१४च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. त्यातला पहिला आठवडा वकिलांच्या वाचनात जातो. पुढचे दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतात. उन्हाळ्यात तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. रोजची बैठक तेव्हाच. माझी मुलगी दहावीला होती त्या वर्षी तिच्याशेजारी बसायची माझी वेळ नेमकी तीच होती, आणि त्या वर्षी मी तिच्याशेजारी फार थोड्या वेळा बसले. पगाराबरोबर हेही मोज.

हे लॉबिंग, म्हणजे कायदा आपल्या बाजूने वळवायचा प्रयत्न, आहे का? अमेरिकेत १९९५च्या कायद्याने लॉबिंगचा हिशेब दर तिमाहीला जाहीर करावा लागतो, पण तो खासदारांशी आणि अधिकाऱ्यांशी थेट केलेल्या संपर्काचा. लोकांना उद्देशून केलेली जाहिरात त्यात धरत नाहीत. युरोपीय संघाची पारदर्शकता नोंदवही २०११पासून आहे आणि तिच्यात आडवळणाने केलेले प्रयत्नही येतात. आपल्याकडे असा कायदाच नाही. म्हणजे अमेरिकेच्या व्याख्येत तू बाहेर, युरोपच्या व्याख्येत आत, आणि भारतात कुठल्याच रकान्यात नाहीस. मला विचारशील तर हे लॉबिंगच आहे, आणि त्यात स्वतःहून लाज वाटण्यासारखं काही नाही. शेतकरी संघटना मोर्चा काढते, डॉक्टरांची संघटना निवेदन देते. कंपनीलाही बाजू मांडायचा हक्क आहे. मसुदे लिहिणाऱ्यांना पुष्कळदा तांत्रिक बाजू खरोखर माहीत नसते. आमच्या एका साध्या आकृतीमुळे एक अशक्य अट मसुद्यातून निघालेली मी पाहिली आहे. ती निघाली हे सगळ्यांच्याच भल्याचं झालं.

आता स्वच्छतेबद्दल. त्यासाठी कुडाळजवळच्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्या कोकमाचं आगळ, फणसपोळी आणि मालवणी मसाला आमच्या कंपनीच्या ॲपवरून विकायच्या. मे महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. खळ्यात सोलं वाळत घातली होती, कॅमेरावाल्याचे बूट जांभळे झाले. बाई चाळीस मिनिटं बोलल्या. पाच वर्षांत गिऱ्हाईक सावंतवाडीपासून बोरिवलीपर्यंत कसं गेलं, सुनेने हिशेब कसा हातात घेतला, हे सांगितलं. त्याच ओघात म्हणाल्या, की गेल्या गणपतीच्या तोंडावर त्यांचं पान अचानक बंद झालं. नऊ दिवस. का ते कळलं नाही. कुणाला फोन करायचा तेही कळलं नाही. मोदकाच्या सारणाच्या ऑर्डरी गेल्या, करून ठेवलेलं सारण गावात वाटून टाकलं.

फिल्म अडतीस सेकंदांची झाली. बोरिवली राहिली, सून राहिली, नऊ दिवस गेले. कापायचं मीच ठरवलं. मला कुणी सांगितलंही नव्हतं. ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी सूचनेत, ‘आशादायी सूर’ असं लिहिलेलं होतं आणि अनुभवी माणसाला तेवढं पुरतं.

ती फिल्म दिल्लीतल्या एका हॉटेलच्या सभागृहात अधिकाऱ्यांपुढे दाखवली गेली. त्या वेळी चर्चेत असलेल्या मसुद्यात एक मुद्दा होता : कंपन्यांनी वापरकर्त्यांच्या तक्रारी ठरावीक मुदतीत सोडवाव्यात. आमचं म्हणणं, की असल्या मुदतींचा बोजा शेवटी छोट्या विक्रेत्यांवर पडेल. त्याला आधार म्हणून बाईंचा चेहरा. बाईंना आम्ही विमानाने आणलं होतं. त्या पुढच्या रांगेत नारळी काठाची साडी नेसून बसल्या होत्या. टाळ्या झाल्या. परत विमानतळावर सोडायला मीच गेले. धौला कुआँच्या पुलावर त्यांनी खिडकीतून बाहेर बघतच विचारलं, ‘ताई, ते नऊ दिवस खंय गेले?’

मी काहीतरी बोलले, वेळ कमी होता वगैरे. त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. नऊ दिवस बंद पडलेल्या पानाची तक्रार ऐकून घ्यायला जो नियम होऊ घातला होता, त्याच्याच विरोधात आम्ही त्या बाईंना उभं केलं होतं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. त्यानंतर आठ महिन्यांनी मी नोकरी सोडली. ते एकच कारण नव्हतं, पण ते कारण होतं.

म्हणून जावं की नाही याचं उत्तर मुलाखतीच्या खोलीत मिळेल. त्यांना विचार : ज्यांची गोष्ट आपण वापरतो त्यांना ती कोणत्या नियमाच्या बाजूने किंवा विरोधात वापरणार हे आधी सांगता का? तयार झालेली फिल्म त्यांना दाखवून होकार घेता का? त्यांनी कंपनीबद्दल तक्रार केली तर ती कुणाकडे जाते? एखाद्या मसुद्यातला मुद्दा कंपनीला पटला आणि म्हणून मोहीम केलीच नाही, असं कधी झालंय का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस किती वेळ गप्प बसतो ते बघ. आणि जाहिरात संस्थेत चार वर्षं झाली आहेत, तेव्हा ब्रीफमधला ‘सूर’ हा शब्द तुला कळतो. तो वाचलास की थांब आणि ब्रीफ लिहिणाऱ्याला विचार, की या सुरात काय बसणार नाही. मी विचारलं नव्हतं.

या चारही प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर जा. अशा जागी विचारणारी माणसं हवीत, आणि बाहेरून ती कुणाला नेमता येत नाहीत.

मी निवृत्त शिक्षक आहे. २०१५च्या डिसेंबरात फेसबुकवर ‘फ्री बेसिक्स वाचवा’ असं काहीतरी आलं. गरिबांना फुकट इंटरनेट मिळणार असं वाटलं म्हणून मी बटण दाबलं. नंतर कळलं की माझ्या नावाने ट्रायला (दूरसंचार नियामक प्राधिकरणाला) ई-मेल गेला. माझा नातू म्हणतो, ‘आजोबा, तुम्ही खुल्या इंटरनेटच्या विरोधात मत दिलंत.’ मी चूक केली का? (श्रीरामपूर)

सर, आपण चूक केली नाही. आपल्याला पूर्ण प्रश्न दाखवलाच गेला नव्हता.

ट्रायने ९ डिसेंबर २०१५ला एक चर्चापत्र काढलं. मुद्दा असा : वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी इंटरनेटचा दर वेगवेगळा ठेवायची मुभा दूरसंचार कंपन्यांना असावी का? नसावी, सगळ्या संकेतस्थळांना एकच वागणूक हवी, हे खुल्या इंटरनेटवाल्यांचं म्हणणं. त्यावर चार नेमके प्रश्न होते. फेसबुकच्या फ्री बेसिक्स योजनेत ठरावीक संकेतस्थळं फुकट उघडत, बाकीच्यांसाठी डेटाचे पैसे. म्हणजे या चर्चेच्या निकालावर ती योजना जगणार की मरणार हे ठरणार होतं. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांना तयार मजकूर दिला आणि ट्रायकडे पाठवायला सांगितलं. वृत्तपत्रांत पानभर जाहिराती आल्या, होर्डिंग लागली. मार्क झुकेरबर्गने टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. त्यात गणेश नावाचा महाराष्ट्रातला एक शेतकरी होता, जो फ्री बेसिक्सवर हवामान आणि बाजारभाव बघायचा. आपल्यापर्यंत पोचलेला सूर तोच होता : गणेशला इंटरनेट मिळू द्या. त्याला कोण नाही म्हणेल?

पण ट्रायने गणेशला इंटरनेट द्यावं का असं विचारलं नव्हतं. ट्रायकडे एकूण २४ लाखांच्या आसपास सूचना आल्या. त्यांत बहुतेक आपल्यासारख्यांच्या नावाने गेलेला तयार मजकूर, आणि त्या मजकुरात चार प्रश्नांची उत्तरं नव्हती. ट्रायने कंपनीला सांगितलं, की या लोकांकडे पुन्हा जा आणि त्यांना खरे प्रश्न दाखवा. जानेवारी २०१६च्या पत्रात तर फारच कडक शब्द होते. एका गंभीर सल्लामसलतीचं रूपांतर घडवून आणलेल्या मतचाचणीत केलं जात आहे, असा त्याचा आशय. ८ फेब्रुवारी २०१६ला नियम आला : मजकूर बघून वेगळा दर लावायचा नाही, लावला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. तीनच दिवसांत फ्री बेसिक्स भारतातून बंद झाल्याचं फेसबुकने सांगितलं.

नातवाला एक गोष्ट मात्र सांगा. त्याआधी, एप्रिल २०१५मध्ये, ट्रायच्या आधीच्या एका चर्चापत्रावर खुल्या इंटरनेटच्या बाजूच्या स्वयंसेवकांनीही लोकांना ई-मेल पाठवायला लावले होते. दहा लाखांच्या वर गेले. तिथेही मजकूर तयार होता, तिथेही बटणच होतं. फरक असा, की त्या ई-मेलमध्ये ट्रायच्या प्रश्नांना ओळीने उत्तरं होती. ज्याला वाचायचं होतं त्याला प्रश्न आणि उत्तर दोन्ही दिसत होतं. माझ्या मते सगळा न्याय तेवढ्या एका गोष्टीत आहे. दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवायचं तर त्याला प्रश्न वाचायला द्यायलाच हवा. मी स्वतः खुल्या इंटरनेटच्या बाजूची आहे, म्हणून हे म्हणते असं समजू नका. उद्या माझ्या बाजूच्यांनी प्रश्न लपवून दहा लाख सह्या गोळा केल्या, तर त्या सह्याही मी मोजणार नाही.

गणेशबद्दल मी पुष्कळदा विचार करते. तो लेखात चार वाक्यांपुरता आला. त्याला कुणी चर्चापत्र मराठीत वाचून दाखवलं असतं, तर तो काय म्हणाला असता? कदाचित ‘तरीही हवंय’ म्हणाला असता. तो त्याचा हक्क होता.

मी व्हर्जिनियात राहतो, रोज मेट्रोने वॉशिंग्टनला जातो. कॅपिटल साउथ स्टेशनवर तंत्रज्ञान कंपन्यांच्या धोरणविषयक जाहिराती दिसतात, ज्या सामान्य माणसाला कळतही नाहीत. दुसरं म्हणजे, मार्च २०२४मध्ये माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला टिकटॉकने आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला फोन करायला सांगितलं. त्याने केला. टिकटॉकची चिनी मालकी सोडायला लावणारं, नाहीतर त्यावर बंदी घालणारं विधेयक तरीही मंजूर झालं. मग फायदा काय? (फेअरफॅक्स)

कॅपिटल साउथला संसदेच्या कार्यालयांत काम करणारी माणसं उतरतात. ती जाहिरात त्यांच्यासाठी आहे. तुम्ही मधे आलात एवढंच.

टिकटॉकचं प्रकरण मी जवळून पाहिलेलं नाही, पण या धंद्यात ते आता धड्यासारखं सांगितलं जातं. ७ मार्च २०२४ला ॲप उघडताच पडद्यावर निवेदन आलं, पिनकोड टाका, फोन लावा. प्रतिनिधींच्या कार्यालयांतले फोन खणाणत राहिले. बोलणाऱ्यांत शाळकरी मुलंही होती. त्याच दिवशी समितीने विधेयक ५० विरुद्ध ० मतांनी पुढे सरकवलं, आणि १३ मार्चला प्रतिनिधिगृहात ३५२ विरुद्ध ६५ने ते पार पडलं. खासदारांना भीतीच ही होती, की एक ॲप एका सकाळीत एवढ्या लोकांना हलवू शकतं. मोहिमेने ती भीती खरी करून दाखवली.

१८ जानेवारी २०१२ आठवून बघा. इंटरनेटवरच्या चाचेगिरीविरोधी (चित्रपट-गाण्यांच्या चोरीविरोधी) दोन विधेयकांच्या निषेधात इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद होता, गुगलने आपल्या नावावर काळी पट्टी लावली होती. दोनच दिवसांत सिनेटमधलं मतदान पुढे ढकललं गेलं. तेव्हा विद्यापीठं, ग्रंथपाल, छोटी संकेतस्थळं, कंपन्या असे नाना जण एकत्र होते आणि विधेयकात काय आहे हे लोक वाचत होते. मुलाला विचारा, फोनवर तो काय बोलला. त्याला विधेयकाचं म्हणणं सांगता आलं असेल, तर त्याचा फोन वाया गेला नाही.

माझं साक्रीत औषधांचं दुकान आहे. १ जुलै २०१८ला राईनपाड्यात पाच जणांना मारलं, ते आम्ही विसरू शकत नाही. त्यानंतर व्हॉट्सॲपच्या अफवांविरुद्ध जाहिराती आल्या. तुमच्यासारखे लोकच त्या करत असतील. जाहिरातीने काय होतं? (साक्री, जि. धुळे)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती, रविवारच्या बाजारात लोकांनी त्यांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत मारलं. ३ जुलैला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲपला जाब विचारला. १० जुलैला वृत्तपत्रांत पानभर जाहिराती आल्या. हा क्रम बघा. त्या जाहिराती वाचकांसाठी होत्याच, पण मंत्रालयातल्या टेबलावर त्या आधी वाचल्या जाणार हे अशा मोहिमा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्या मी केल्या नाहीत. तरी मला तो क्रम ओळखीचा आहे, कारण ‘पत्र आलंय, आठवड्यात काहीतरी दिसायला हवं’ हे वाक्य मी वेगळ्या प्रसंगी ऐकलेलं आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : एकट्या जाहिरातीने फार थोडं होतं. ज्याच्या हातात फोन आणि मनात भीती आहे, तो वृत्तपत्रातल्या दहा सूचना वाचून थांबत नाही. पण त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच जणांना किंवा गटांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. जानेवारी २०१९मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे निरोप फिरण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीनेच सांगितलं. म्हणजे फरक पडला तो यंत्र बदललं म्हणून. जाहिरातीचा उपयोग इतकाच, की यंत्र का बदललं हे लोकांना कळावं.

मी बैठकीत हे म्हणायला शिकले, उशिरा का होईना. मोहिमेचा आराखडा समोर आला की विचारायचं : जाहिरातीत जे आश्वासन देतोय, त्यासाठी इंजिनिअर काय बदलणार आहेत, आणि कधी? तारीख नसेल तर जाहिरात थांबवावी. दोनदा मी थांबवू शकले. तिसऱ्यांदा नाही.

राईनपाड्याच्या आधीही देशात अशा अफवांवरून माणसं मारली गेली होती. ती पाचाची मर्यादा आधी आली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रात तो आहे. मलाही तो सुटलेला नाही.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. एका संस्थेमार्फत मोठ्या कंपन्यांच्या धोरणविषयक मोहिमांचा मजकूर येतो. शब्दाला दर ठरलेला, वेळ एक रात्र. आपली यात काही जबाबदारी असते का? (कोल्हापूर)

खूप मोठी असते, आणि ती तुमच्यावर टाकली आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

इंग्रजी मजकूर आमच्याकडे चार वकिलांच्या हातून जायचा. ‘होईल’ आणि ‘होऊ शकेल’ यावर तासभर चर्चा झालेली मला आठवते. मराठी मजकूर मात्र कुणीच वाचायचं नाही. मी मराठी होते म्हणून वाचायचे, आणि कधी कधी हादरायचे. एकदा मूळ वाक्य होतं, ‘या तरतुदीचा छोट्या व्यवसायांवर परिणाम होऊ शकतो.’ मराठीत आलं, ‘या तरतुदीमुळे छोटे व्यवसाय बंद पडतील.’ भाषांतरकाराने वाक्य जोरकस केलं होतं, हेतू चांगला होता. इंग्रजी वाचणाऱ्या सहसचिवांना सावध वाक्य मिळालं आणि इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला घाबरवणारं. दुसरा प्रकार हिंदीतून आलेल्या मजकुराचा. ‘किसान भाई’चं ‘शेतकरी बंधूंनो’ होतं, आणि शेतातली निम्मी कामं करणाऱ्या बायका एका शब्दात बाहेर जातात.

तेव्हा तीन गोष्टी मागा. मजकूर कोणत्या मसुद्याबद्दल आहे ते मागा, म्हणजे कलम उघडून बघता येईल. मजकुराखाली पैसे कुणी दिले ते छापणार आहेत का हे विचारा. नसतील तर काम घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी घेतलं नसतं. आणि छपाईआधीची कच्ची प्रत (प्रूफ) एकदा परत मागा, कारण मधला कॉपीरायटर ‘शकतो’ हा शब्द जागा वाचवायला उडवतो. तो उडालेला दिसला तर त्याच रात्री ई-मेल लिहा, फोनवर बोलू नका. लेखी असलं की वकिलांना उत्तर द्यावं लागतं. दर वाढवून मिळेल की नाही ते मात्र सांगता येत नाही. मी असताना दोन भाषांतरकारांना एका रात्रीऐवजी तीन दिवस मिळवून दिले होते. आधी लिहून मागितलं त्या दोघींनीच.